गॅसची नव्हे

कान्ह्यात आमचं ऑफिस सुरू झालं त्या आठवड्यात जिना चढून आलेला पहिला माणूस गॅसची रिकामी टाकी घेऊन आला होता. ती त्याने आमच्या काचेच्या दाराशी टेकवली, गळ्यातल्या टॉवेलने मान पुसली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. “नंबर लावा,” म्हणाला. आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोराने अदबीने विचारलं, “व्हॉट्सॲपचा का?”

पुढची पाच मिनिटं कोण कोणाला काय विचारतंय ते दोघांनाही कळलं नाही. लोकांशी संवाद साधून देणं हाच आमचा धंदा आहे, म्हणून ही नोंद.

चूक त्या काकांची नव्हती. खाली रस्त्याच्या अंगाला आमचा फ्लेक्स होता आणि त्यावर नावापुढे ‘एजन्सी’ असं लिहिलं होतं. इकडे एजन्सी दोनच प्रकारची, गॅसची नाहीतर मोटारसायकलची. दारात नव्या गाड्या ओळीने उभ्या नाहीत म्हटल्यावर उरलं काय? शेवटी आमच्यापैकी दोघांनी टाकी खाली उतरवून त्यांच्या स्कूटीवर पायांच्या जागेत नीट बसवून दिली. किल्ली फिरवता फिरवता काका म्हणाले, “मग कसली म्हणायची ही एजन्सी?”

चार वर्षं झाली. उत्तराचा पहिला मसुदा तयार आहे.

मालकांच्या कार्डावर ‘डिजिटल कम्युनिकेशन्स एजन्सी’ असं छापलंय. त्यातल्या एजन्सीचं काय होतं ते आत्ताच सांगितलं. ‘डिजिटल’चं त्याहून वाईट. गावाकडे डिजिटल म्हणजे फ्लेक्स. चौकात डिजिटल लागतं, वाऱ्याने डिजिटल फाटतं, निवडणूक आली की डिजिटल उतरवावं लागतं. म्हणजे आमच्या नावातले दोन शब्द आम्ही यायच्या आधीच इथं कामाला लागलेले होते. राहिलं कम्युनिकेशन्स. राज्यातल्या दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही मराठी पाटी सक्तीची झाली. आम्ही सहाजण. मराठी मजकूर लिहिते म्हणून पाटीचं काम माझ्यावर आलं. मी दोन दिवस कोश चाळले आणि ‘अंकीय संज्ञापन संस्था’ असं लिहून घरमालकीण आजींना वाचून दाखवलं.

“संज्ञापन?” आजी म्हणाल्या. “उद्यापन ठाऊक आहे. सोळा सोमवारचं.”

शेवटी आहे तेच नाव देवनागरीत लिहिलं. त्या दिवसापासून वाढदिवसाचं डिजिटल करायला येणाऱ्या पोरांची रीघ लागली.

या वाढदिवसाच्या फ्लेक्सला हसणं सोपं आहे. मीही हसायचे. मग एकदा आमच्या डिझाइनरने भिडेखातर एक करून दिलं आणि त्यातलं शास्त्र कळलं. मधोमध उत्सवमूर्ती, काळा गॉगल, एक हात फोनवर. वरच्या रांगेत गोलांमध्ये नेतेमंडळी. कोणाचा गोल कोणाच्या डावीकडे, कोणाचा अर्ध्या बोटाने मोठा, यावर गावातलं राजकारण उभं असतं. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. आमच्या वेळी ते चौतीस होते. मोठ्या कंपन्या लोगो कसा वापरावा याची ऐंशी पानी नियमावली पाठवतात, पण ‘अमक्याचा फोटो तमक्याच्या फोटोला लागून नको, दोघांचं बांधावरून चालू आहे’ असा नियम तिच्यात नसतो. छापून आल्यावर कळलं की फोटो तेहतीसच आहेत. चौतिसावा शुभेच्छुक संध्याकाळी ऑफिसात येऊन बसला. काही बोलला नाही. आठ वाजेपर्यंत नुसता बसला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स पुन्हा छापला, आमच्या खर्चाने.

ऑफिस कान्ह्यात का, याचं उत्तर मालक ग्राहकांना नकाशावर देतात. मुंबई आणि पुणे अशी दोन महानगरं आणि मध्ये लाल ठिपका. ठिपका पुण्याकडे बराच झुकलेला आहे, पण मालक तो बोटाने झाकतात. खरं कारण भाडं. खाली आजींच्या मुलाची भाताची गिरणी आणि वर आम्ही. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की खालून धडधड चढते, काचेवर कोंड्याची साय धरते आणि सगळ्या लॅपटॉपांना नव्या तांदळाचा वास येतो. नोव्हेंबरातल्या एका कॉलवर मुंबईच्या ग्राहकबाईंनी विचारलं, “तुमच्याकडे एवढा पाऊस?” आमच्या मालकांनी एक सुस्कारा टाकून म्हटलं, “मावळच आहे ना, मॅडम.” बाईंनी हळहळून मुदत दोन दिवस वाढवून दिली. तेव्हापासून आमच्याकडे बारा महिने पाऊस असतो. गुरुवारी मात्र दुरुस्तीसाठी वीज जाते आणि सगळं शांत. आमच्यातल्या दोघांचा गुरुवारचा उपास असतो. त्या दिवशी त्यांच्याकडे भूक सोडून काहीच चालू नसतं.

मी चिंचवडहून येते. सकाळी अख्खं जग पुण्याकडे तोंड करून उभं असतं आणि मी समोरच्या फलाटावर. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. तिच्यात उलट्या दिशेने रोज बसायला जागा मिळते, ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी पगारवाढ. आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे. पावसाळ्यात शनिवारी या सुखावर गदा येते, कारण मळवली-लोणावळ्याला भिजायला निघालेली पोरं कोरड्या अंगाने जागा अडवून बसतात. वडगाव आलं की मला दर वेळी कंपनी सरकारची ती फौज आठवते. पुणं घ्यायला म्हणून मुंबईहून निघाली, तळेगावपर्यंत आली, तिथून मागे फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावात महादजी शिंद्यांच्या तावडीत सापडून तह करून मोकळी झाली. पुण्याला जायला निघून मावळात अडकायची रीत जुनी आहे.

त्याच मोहिमेतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. कार्ल्याजवळ मारला गेला. शत्रूचा माणूस, पण असा काही लढला की मराठ्यांनीच त्याचं नाव पाडलं इष्टुर फाकडा. वडगावला त्याची समाधी आहे. स्टुअर्टचं इष्टुर करायचं आणि पुढे फाकडा जोडायचं, हे आमच्या ऑफिसात झालं असतं तर आधी तीन पर्याय गेले असते, ग्राहकाने ‘फाकडा जरा जास्त होतंय का?’ असं विचारलं असतं आणि शेवटी ‘शूर स्टुअर्ट’वर शिक्का बसला असता. अडीचशे वर्षं टिकलेलं नाव कुठल्या बैठकीत ठरलेलं नाही, याचा मला धंद्याच्या दृष्टीने त्रास होतो.

आमच्या ऑफिसात तीन बोल्या आहेत. आकडे बघणारा मुलगा रीच, बूस्ट, इम्प्रेशन या बोलीत बोलतो. तो टाकव्याकडचा. घरी म्हशी आहेत आणि सकाळी धार काढून येतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे त्याला तोंडपाठ. मालक ‘ईओडी’ या बोलीत बोलतात, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत, म्हणजे उद्या सकाळी. आणि डिझाइनर बोलत नाही. ‘लोगो थोडा मोठा करा’ हे वाक्य ऐकलं की तो खुर्चीतून उठून खिडकीशी जातो आणि गिरणीच्या अंगणात वाळत घातलेली साळ बघत उभा राहतो. मग येऊन लोगो मोठा करतो. त्याच्या फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरं फायनल’, ‘आईशपथ फायनल’ अशी असतात. ग्राहकाला कधी कुठली गेली ते त्यालाच ठाऊक.

त्याचं आणि माझं भांडण होतं ते श आणि ल वरून. फुकटात मिळणाऱ्या पुष्कळ फॉन्टांत हे दोन्ही हिंदी वळणाचे असतात. मला आपला गाठीचा श आणि पाकळीचा ल हवा असतो. तो म्हणतो, कोण बघतंय? मी म्हणते, मी बघते, आणि शासनानेही २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढताना या दोन अक्षरांची वळणं बघितली होती. शासन निर्णयाचा आधार घेऊन जिंकलेलं भांडण फारसं गोड लागत नाही, पण श गाठीचा होतो. एकदा मी त्याला सांगितलं की विंडोजमध्ये जो मंगल फॉन्ट येतो, तो र. कृ. जोशींनी काढला. कोल्हापूरकडचा माणूस, उल्का या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक होता. मंगल म्हटलं की आमच्या डिझाइनरला आजवर फक्त सरकारी पत्रं आठवायची. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मंगलमधलं एक पत्र मोठं करकरून पाहिलं. माझ्या स्वतःच्या समाधानासाठी अरुण कोलटकर आहेत. त्यांनीही उभी हयात जाहिरातीचीच कामं केली आणि बाजूला ‘जेजुरी’ लिहिली. त्यातला नोकरीचा भाग माझा पूर्ण झाला आहे.

मजकुराच्या बाबतीत मात्र मी नम्र आहे आणि त्याला कारण कार्ला. ऑफिसची सहल तिकडे काढली होती. एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या कोळी मंडळींच्या गर्दीतून पायऱ्या चढून आम्ही चैत्यगृहाच्या ओवरीत पोचलो. तिथं ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतल्या एकात वैजयंतीचा शेठ भूतपाल सांगतो, की हे शैलगृह मी पुरं केलं आणि साऱ्या जंबुद्वीपात याच्या तोडीचं दुसरं नाही.

मी तिथंच बसले. जागेचं नाव, देणाऱ्याचं नाव, त्याचं गाव आणि ‘सर्वोत्तम’ हा दावा. शब्द मोजून. आम्ही तीन बैठकांत जे करतो ते भूतपालाने एका ओळीत केलं, आणि तेही दगडात, म्हणजे ‘फायनल दोन’ची सोय नाही. १९८५ पासून जाहिरातींवर नजर ठेवणारं ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहे. त्यांनी भूतपालाला पत्र पाठवून जंबुद्वीपातल्या सर्व लेण्यांचा तुलनात्मक तक्ता मागवला असता, पण त्याने काय फरक पडला असता कोण जाणे. चैत्य अजून उभा आहे, आणि दगडात कोरलेल्या चैत्यगृहांत देशात एवढं मोठं दुसरं नाही. बाकीच्या लेखांत आणखी देणगीदार आहेत. धेनुकाकट गावचा एक अत्तरविक्या गंधिक आहे, यवन आहेत. आणि दार घडवणाऱ्या सुताराचंही नाव आहे. आमच्या डिझाइनरचं नाव कुठल्याच कामावर जात नाही. तो त्या सुताराच्या लेखापुढे बराच वेळ उभा राहिला. ब्राह्मी त्याला येत नाही.

आता तांदळाची गोष्ट.

आंदर मावळातल्या एका बचत गटाच्या ताई आमच्याकडे आल्या. दहाजणी मिळून इंद्रायणी विकतात, व्यापारी भाव पाडतो, थेट गिऱ्हाईक मिळालं तर बरं. पैसे बेताचे होते, पण आजींच्या ओळखीचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. मी मनापासून लिहिलं: सह्याद्रीच्या कुशीत, इंद्रायणीच्या काठी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मायेने पिकवलेला सुगंधी तांदूळ. वाचून दाखवलं. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पिढ्यान्‌पिढ्या कुठला? ही जात माझ्या लग्नानंतरची. आईच्या वेळी आंबेमोहोर होता.”

बरोबरच होतं. इंद्रायणी इथल्याच वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आली, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. म्हणजे वयाने ती माझ्याहून फार मोठी नाही आणि तिच्या कपाळी मी पिढ्यान्‌पिढ्या मारत होते. “बरं, मग काय लिहू?” मी विचारलं.

“लिहा, नवा तांदूळ आहे, पाणी कमी घाला. गिचका झाला तर आम्हाला बोलू नका.”

मालकांना शेवटचं वाक्य खटकलं. ‘निगेटिव्ह’ आहे म्हणाले. ताई म्हणाल्या, खरं आहे. एवढंच वाक्य, ताईंच्या हातात मूठभर तांदूळ असा फोटो, आणि खाली फोन नंबर. नंबर त्यांनी मुलाच्या वहीच्या पानावर लिहून दिला होता. मंगळवारी पोस्ट गेली. आकडे बघणारा मुलगा बुधवारी नाचत आला. एवढे बघितले, एवढ्यांनी पुढे पाठवली, म्हशीच्या दुधाहून चांगलं चाललंय. शुक्रवारी ताईंना फोन केला.

“एक फोन आला,” त्या म्हणाल्या. “नणंदेचा. फोटो चांगला आलाय म्हणाली.”

शनिवारी ऑफिसच्या फोनवर एक वयस्क आवाज आला. “मी आजऱ्याहून बोलतोय. निवृत्त शिक्षक. तांदळाची जाहिरात आपलीच काय? एकानं तुमचा नंबर शोधून दिला. मंगळवारपासून एक्केचाळीस माणसांनी मला इंद्रायणीचा भाव विचारलाय.”

ताईंनी वहीच्या पानावर नंबर मराठी आकड्यांत लिहिला होता. आमचा डिझाइनर इंग्रजी शाळेतला. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचं रूप बघा एकदा, आणि मग त्याला काय बोलायचं ते बोला. श आणि ल वरून मी एवढी भांडले होते, आणि पोस्ट जाण्याआधी तपासली होती मीच. गाठीचा श आहे ना, एवढं बघितलं होतं.

मी गुरुजींची माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी ती मध्येच थांबवली. “पहिल्या दोघांना राँग नंबर म्हणून सांगितलं. मग डोंबिवलीच्या एक बाई म्हणाल्या, राँग असला तरी ऐकून तरी घ्या. तेव्हा म्हटलं, लिहून ठेवावं. कोणीतरी विचारत येईलच. घ्या आता उतरवून.” आणि त्यांनी शुद्धलेखन घालावं तसं सांगायला सुरुवात केली. नाव, गाव, किलो, फोन. प्रत्येक आकडा दोनदा. चार आला की थांबून, “मराठी चार हं.” शिवाय पाचवा रकाना होता, शेरा. ‘घाई आहे.’ ‘नुसता भाव विचारतात.’ ‘मुलगी बाळंतपणाला आलेय, लवकर पाठवणे.’ आमच्याकडे ग्राहकांची माहिती ठेवायला एक प्रणाली आहे. तिचं वर्षाचं भाडं आहे आणि तिच्यात मुलगी बाळंतपणाला आल्याचा रकाना नाही.

बारा नावांपुढे शेरा होता: ‘घनसाळ पाठवला.’

“हे काय, गुरुजी?”

“हे बघा,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “आम्ही आजऱ्याची माणसं. घनसाळला भौगोलिक मानांकन आहे. भात कसला हवा असं त्यांनी विचारलं, तर मी खोटं कसं बोलू? पुतण्याचं दुकान आहे. पण ज्यांनी इंद्रायणीच पाहिजे म्हणून सांगितलं, त्यांना हात लावला नाही.”

उरलेली नावं मी ताईंना दिली आणि घाबरत घाबरत त्या बारांचंही सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. “हुशार आहे म्हातारा,” म्हणाल्या, आणि गुरुजींसाठी पाच किलो वेगळे काढले. पंधरा दिवसांनी आजऱ्याहून एसटीच्या पार्सलने ऑफिसच्या पत्त्यावर दहा किलो घनसाळ आला. पोतं जिन्याने वर चढताना आजींनी पाहिलं. खाली साळ भरडायला आलेल्या बायांनी विचारलं असावं, कारण आजींचा आवाज वर स्पष्ट ऐकू आला. “गॅसची नव्हे गं. तांदळाचीच आहे. चार वर्षांनी कळलं.”

नंबर अर्थात आम्ही त्याच शनिवारी दुरुस्त केला होता आणि तसं गुरुजींना कळवलंही होतं. ते जरा वेळ गप्प झाले होते. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. इंद्रायणी पावला, पाणी कमीच घातलं, तरी थोडा गिचका झाला, पण तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून बोलत नाही, म्हणाले. मग घसा साफ केला.

“पुढच्या जाहिरातीत नंबर कुठला घालणार आहात? नाही म्हणजे, तसं असेल तर नवी वही आणून ठेवतो.”